आवाजाला कुंपण कोणी घालायचे?



गेल्या महिन्यात आमचा भाचा आखातातून सुटीवर आला. इशाची नमाज झाली, जेवणे उरकली आणि पडवीत गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात तो लॅपटॉप घेऊन आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, माझं घर बघायचंय?" आम्हाला वाटले, पोराने मुंबईला फ्लॅट घेतला की काय! पण पडद्यावर दिसले ते वेगळेच. समुद्रकाठी एक छोटे कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीवर रहाट. आमच्या मरहूम वालिदांच्या वेळचे गावचे घर जसे होते, अगदी तसेच. ते पाहून आमची बहीण, म्हणजे त्याची अम्मी, क्षणभर बोलायचीच थांबली.

हे घर 'सेकंड लाइफ' नावाच्या आभासी जगात आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. याला गेम म्हणावे, तर इथे कोणी जिंकत नाही की हरत नाही. माणसे आपापला अवतार घेऊन येतात, जमीन घेतात किंवा भाड्याने राहतात, घरे बांधतात, पाहुणे बोलावतात. जमिनीचे मोठे चौकोन असतात, एकेक २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यातून लहान तुकडे पाडतात. भाच्याचा तुकडा ५१२ चौरस मीटरचा, म्हणजे १६ मीटर रुंद आणि ३२ मीटर लांब. प्रत्यक्षात तो चौघांबरोबर एका खोलीत राहतो. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, त्यामुळे खोलीत कोणी ना कोणी झोपलेलेच असते. चार भिंतींत स्वतःची म्हणावी अशी जागा नाही, म्हणून त्याने ही पडद्यावरची जागा केली. आधी आम्हाला हा पोरखेळच वाटला होता. हे ऐकल्यावर तसे वाटेनासे झाले.

पण हा लेख घराविषयी नाही. त्या घराच्या शेजाऱ्याविषयी आहे.

भाच्याच्या तुकड्याला लागून एका वयस्क बाईंचे घर आहे. त्या स्कॉटलंडच्या. दोघांची ओळख म्हणाल तर येता-जाता हात हलवण्यापुरती. एक दिवस त्यांचा निरोप आला. मजकूर साधाच होता. तुमच्याकडचा आवाज दिवसरात्र माझ्या घरात येतो, त्याचे काही करता येईल का, एवढेच त्यांनी विचारले होते. कसला आवाज, ते मात्र लिहिले नव्हते.

भाच्याने पडवीत एक कंदील टांगला होता. त्याला हात लावला की अजान ऐकू येई. निरोप वाचल्याबरोबर त्याचे मन तिकडेच गेले. इकडे देशात भोंग्यांवरून जे वाद चालतात, ते तो तिकडे मोबाईलवर रोज वाचत असतो. "मामू, मला वाटलं, आता इथेही आलं का हे?" तो म्हणाला. रागाच्या भरात त्याने लांबलचक उत्तर लिहिले. माझ्या जागेत मी काय ऐकावे हे सांगणाऱ्या तुम्ही कोण, असा त्याचा सूर होता.

दुसऱ्या दिवशी दोनच ओळींचे उत्तर आले. आवाज विहिरीजवळून येतो, चाकाच्या कुरकुरीचा. माझा नवरा आजारी आहे, त्याला झोप लागली की मी तासभर इथे शांत बसायला येते, म्हणून विचारले.

भाचा थक्क झाला. अजान त्या बाईंनी ऐकलीही नव्हती. आणि रहाटाचा आवाज? तो तर त्याने हौसेने केला होता. मागच्या सुटीत गावच्या विहिरीवर उभे राहून त्याने मोबाईलमध्ये तो भरून घेतला होता. सेकंड लाइफमध्ये बरीच वर्षे आवाजाचा एक तुकडा १० सेकंदांपेक्षा मोठा चढवता येत नसे. म्हणून लोक छोटा तुकडा घेतात आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजेल अशी योजना करतात. भाच्यानेही तेच केले होते. आता असा आवाज मालक घरी असो-नसो, वाजतच राहतो. भाचा कामावर गेला, नमाजला गेला, झोपला, तरी तिकडे रहाट कुरकुरतोच आहे. दर दहा सेकंदांनी तीच कुरकूर, रात्रंदिवस.

मग इतके दिवस हे भाच्याला कसे कळले नाही? कारण खोलीतले सोबती झोपलेले असत, म्हणून त्याने आपल्या लॅपटॉपवर त्या जगातल्या वस्तूंचे आवाज पार शून्यावर आणून ठेवले होते. तिथे संगीताची पट्टी वेगळी, वाऱ्याची वेगळी, वस्तूंच्या आवाजाची वेगळी, माणसांच्या बोलण्याची वेगळी. ज्याला जे नको ते त्याने कमी करावे. पण या साऱ्या पट्ट्या फक्त आपल्या कानापुरत्या असतात. आपण आपला आवाज शून्यावर आणला म्हणून शेजाऱ्याच्या घरात तो तसूभरही कमी होत नाही. उलट नुकसानच होते, कारण आपल्याकडून काय बाहेर जात आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. सोबत्यांची झोप मोडू नये म्हणून केलेल्या चांगल्या कामामुळेच दुसऱ्या शेजाऱ्याचा त्रास भाच्याच्या कानाआड राहिला.

यात दोन चुका झाल्या, असे आम्ही त्याला सांगितले. रहाटाची चूक लहान, ती नकळत झाली. मोठी चूक बदगुमानीची. सूरह हुजुरातमध्ये फार गुमान करण्यापासून रोखले आहे, कारण काही गुमान गुनाह असतात. समोरच्याने "कसला आवाज" हे सांगितले नव्हते, तर "कुठला आवाज, बाई?" एवढे तीन शब्द विचारणे भाच्याच्या हातात होते. तक्रारी आपल्याला ऐकाव्या लागतात, हे खरे. काही तक्रारींत आकस असतो, हेही खरे. म्हणून प्रत्येक तक्रार आकसाचीच असे धरून चालणाऱ्याला खरा शेजारी ओळखताच येत नाही.

त्या बाईंच्या हातात दुसरेही मार्ग होते. त्या रहाटाला 'ब्लॉक' करू शकत होत्या. तसे केले की तो आवाज त्यांना ऐकू आला नसता, पण त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना ऐकू आलाच असता, कारण ब्लॉकही करणाऱ्यापुरताच असतो. कंपनीकडे तक्रारही करता आली असती. सेकंड लाइफच्या नियमांत इतरांची शांतता भंग करण्याला मनाई आहे आणि त्यात पुन्हापुन्हा वाजणाऱ्या आवाजांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यांनी आधी शेजाऱ्याला विचारले. शेजारधर्म म्हणतात तो हाच, मग शेजारी कोणत्याही देशाचा, कोणत्याही धर्माचा असो.

भाच्याने माफी मागितली आणि उपाय शोधला. जमिनीच्या मालकाला तिथे एक सोय दिलेली असते. जमिनीच्या माहितीत आवाजाचे पान उघडून एका चौकटीत खूण केली की त्या जागेतल्या वस्तूंचे आवाज जागेबाहेर जात नाहीत. त्याने खूण केली. रहाटाची कुरकूर कुंपणात अडकली. बाईंचा आभाराचा निरोप आला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण दोन दिवसांनी त्याला घर सुने सुने वाटू लागले. काय चुकते आहे ते आधी कळेना. आता तो कानाला हेडफोन लावून वस्तूंचे आवाजही ऐकू लागला होता, तरी काहीतरी हरवले होते. मग लक्षात आले. बाईंच्या बागेत पाखरांचा किलबिलाट होता, त्यांच्या बाजूला एक छोटा ओहोळ होता. खूण करायच्या आधी ते त्याने एकदाच कान देऊन ऐकले होते. आता त्यातले काहीच येत नव्हते. ती खूण दोन्ही बाजूंनी काम करते. आपल्या जागेत ती केली की आपले आवाज बाहेर जात नाहीत आणि आपण जागेत उभे असताना बाहेरचे आवाजही आपल्यापर्यंत येत नाहीत. भिंत बांधली की ती दोघांसाठीही भिंतच.

तेव्हा त्याने भिंत पाडली आणि जे आधीच करायला हवे होते ते केले. रहाटाच्या आवाजाचा जोर शून्य ते एक या मापात ठरवता येतो. तो एकवर होता, भाच्याने अगदी खाली आणला. आवाज किती अंतरापर्यंत पोहोचावा तेही बांधून देता येते, ते त्याने पडवीपुरते ठेवले. रहाट सतत फिरण्याऐवजी हात लावला तरच फिरेल असे केले. मग बाईंना विचारले, आता येतो का आवाज? नाही, असे उत्तर आले. पाखरे परत आली. आम्हाला सगळ्यात आवडली ती ही शेवटची गोष्ट, की त्याने पुन्हा विचारले. आपला आवाज शेजाऱ्याकडे किती जातो, हे शेजाऱ्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अशा जगांत वावरतात. म्हणून भाच्याकडून आम्ही आणखी काही गोष्टी समजून घेतल्या, त्या इथे देतो.

तिथे लिहून बोलणेही अंतराने मोजले जाते. साधे बोलणे २० मीटरपर्यंत दिसते, कुजबूज १० मीटरपर्यंत आणि ओरडून लिहिले तर १०० मीटरपर्यंत. आता हिशेब करा. जागा १६ मीटर रुंद आणि साधे बोलणे २० मीटर जाणारे. म्हणजे घरात बसून पाहुण्याशी सहज बोललो तरी ते कुंपणापलीकडे वाचले जाऊ शकते. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. घरगुती, नाजूक विषय असेल तर तो उघड न बोलता त्या माणसाला खासगी निरोपानेच पाठवावा.

खऱ्या आवाजात बोलण्याची सोय तिथे २००७ मध्ये आली. त्यालाही आपल्या जागेपुरते बांधून घेता येते, पण त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. वस्तूंच्या आवाजाची खूण माणसाच्या आवाजाला लागू होत नाही. आणि माईक सुरू राहिला तर आपल्या खऱ्या घरातले सारे पलीकडे जाते. भांड्यांचा आवाज, नवराबायकोचे बोलणे, आजाऱ्याचा खोकला, लहान मुलाचे नाव. म्हणून बोलणे संपले की माईक बंद, ही सवय मुलांना दाराला कडी लावण्याइतकी पक्की लावावी.

एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. त्या जगात आपला अवतार एका जागी उभा ठेवून नजर, म्हणजे कॅमेरा, दूर नेता येतो. आपले कान अवतारापाशी ठेवायचे की नजरेबरोबर न्यायचे, हेही आपणच ठरवतो. म्हणजे स्वतःच्या पडवीत उभे राहून कान मात्र दुसऱ्याच्या दिवाणखान्यात! सोय म्हणून ती दिली आहे. मैफलीत मागे उभे राहून पुढचे ऐकायला उपयोगी पडते. पण दुसऱ्याच्या घरात डोकावायला ती वापरली तर तो तजस्सुस झाला. गुमानापासून रोखणाऱ्या त्याच आयतीत दुसऱ्याच्या गोष्टींचा माग काढण्यालाही मनाई आहे. पडद्यावरचे घर असले तरी ऐकणारा कान खरा आणि बोलणारा माणूसही खराच.

वेळेचा प्रश्नही तिथे वेगळा आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली आहे आणि वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. सेकंड लाइफचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालते, आणि तिथला दिवस मुळात चार तासांचा धरलेला, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. भाच्याच्या खोलीत मध्यरात्र असते तेव्हा स्कॉटलंडच्या बाईंकडे रात्रीचे नऊ-दहा. अशा ठिकाणी "आता उशीर झाला" हे घड्याळ सांगत नाही. ते विचारूनच कळते.

लहान मुलांत माइनक्राफ्ट अधिक चालतो. आमच्या नातीने तो उघडून दाखवला. तिथेही आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. संगीताची एक, पावसाची एक, प्राण्यांची एक, तबकड्या वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सची एक. चार मित्र एकाच जगात खेळत असतील आणि एकाचा ज्यूकबॉक्स दुसऱ्याच्या घराशेजारी वाजत असेल, तर दुसऱ्याने आपली पट्टी खाली आणली की त्याचे भागते. पण त्या पट्टीबरोबर त्याच्या स्वतःच्या घरातली तबकडीही त्याला ऐकू येत नाही. पहिल्याने तबकडी काढून घेतली, तर सगळ्यांचेच भागते. नातीला विचारले, यातले सोपे कोणते? म्हणाली, "तबकडी काढणं. पण ती लावणाऱ्याला सांगायला पाहिजे ना!" नऊ वर्षांच्या मुलीला जे कळले, ते समजायला आम्हाला एवढे लिहावे लागले.

आता आपल्या खऱ्या भिंतीकडे येऊ. ती विसरून चालणार नाही.

हेडफोन लावला की घराला शांतता मिळते, असा आपला समज असतो. खेळाचा आवाज बंद होतो हे खरे, पण खेळणाऱ्याचा वाढतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्येच मांडले होते. त्यांच्या नावानेच ते ओळखले जाते. कानात गोळीबार आणि संगीत चालू असले की मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ओरडून बोलतो. त्याला वाटते, आपण हळूच बोलतो आहोत. भाच्याच्या रहाटाची गोष्ट पुन्हा तीच. ज्याच्याकडून आवाज जातो, त्यालाच तो ऐकू येत नाही. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या उपदेशात आवाज खाली ठेवण्याचे सांगणे आहे. बापाला ते मुलाला सांगावे लागले, कारण बहुधा मुलाला ते आपणहून कळत नाही.

म्हणून घरात काही साधे नियम करावेत. खेळताना हेडफोनचा एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला कळतो. रात्री दहानंतर बोलून खेळण्याऐवजी लिहून खेळावे. शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी खेळायची जागा करू नये. आणि मूल एखाद्या जगात घर बांधत असेल, तर त्याला एकदा तरी विचारावे, "बेटा, तुझ्या शेजारी कोण राहतं?" उत्तर येत नसेल, तर ते शोधायला सांगावे.

हे सगळे लिहून झाले त्या रात्रीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. एक वाजता आमची झोप मोडली. पडवीत भाचा हेडफोन लावून आखातातल्या सोबत्यांशी बोलत होता आणि मोठमोठ्याने हसत होता. पलीकडच्या चाचींच्या खिडकीत दिवा लागलेला दिसला. सकाळी आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "तिकडच्या बाईंना विचारलंस. इकडच्या चाचींना?"

तो गेला. चाची अंगणात भांडी घासत होत्या. "चाची, रात्री माझा आवाज येतो का?"

चाचींनी हात थांबवला. म्हणाल्या, "येतो रे बाबा. पण महिन्याभरासाठी आलेल्या पोराला सांगायचं कसं?"

त्या रात्रीपासून तो मागच्या खोलीत बसू लागला. आणि आमच्याकडे ते पीठ दळायचे यंत्र आहे ना, जे आम्ही फज्रनंतर लगेच सुरू करतो, त्याविषयी चाचींना आम्ही अजून विचारलेले नाही. या जुम्याला विचारणार आहोत, इन्शाअल्लाह.